चेहरा आणि आवाज



क्रिकेटचा सामना सुरू होण्याआधी माईक घेऊन मैदानावर उभी असलेली मुलगी आपण सगळेच बघतो. ‘हिला खेळातलं काय कळतं?’ असंही घरात कुणीतरी म्हणतंच. तिच्या शेजारच्या पुरुषाबद्दल मात्र हा प्रश्न कुणाला पडत नाही.

पुण्याच्या संजना गणेशन यांचं उदाहरण घ्या. सिम्बायोसिसमधून त्यांनी बी.टेक. केलं. मग मॉडेलिंग आणि फेमिना मिस इंडिया स्पर्धेची अंतिम फेरी. पुढे त्या स्टार स्पोर्ट्सवर आल्या. २०१९ च्या विश्वचषकात निवेदिका म्हणून त्या घरोघरी पोहोचल्या. जसप्रीत बुमराहशी त्यांचा विवाह झाला तो मार्च २०२१ मध्ये, गोव्यात. म्हणजे माईक हाती आला तो नवऱ्याच्या नावावर नव्हे. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला भारताने टी-२० विश्वचषक जिंकला. स्पर्धेचा मानकरी बुमराह. त्याची मुलाखत घ्यायला समोर उभी होती ती त्याची पत्नी. तिने आधी प्रश्न विचारले, मग त्याने तिला मिठी मारली. कामाचं काम झालं आणि घरचं घरी राहिलं!

ही वाट जुनी आहे. अमेरिकेत फिलिस जॉर्ज १९७१ च्या ‘मिस अमेरिका’. १९७५ मध्ये त्या सीबीएसच्या फुटबॉल कार्यक्रमात आल्या आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. आपल्याकडे २००३ च्या विश्वचषकात अभिनेत्री मंदिरा बेदी आल्या, तेव्हा चर्चा त्यांच्या प्रश्नांपेक्षा ब्लाऊजचीच जास्त झाली.

सौंदर्यस्पर्धेत मुलगी गर्दीसमोर न डगमगता उभं राहायला शिकते, मोजक्या क्षणांत नेमकं उत्तर द्यायला शिकते. ही शिदोरी कमी नाही. पण खेळाचं ज्ञान मुकुटासोबत मिळत नाही. ते रोज अभ्यासून कमवावं लागतं, आणि तेच टिकतं.

रेडिओवर तर चेहऱ्याचा आधारही नसतो. नागपुरात जन्मलेल्या कर्नल सी. के. नायडूंची कन्या चंद्रा नायडू यांनी १९७७ मध्ये इंदूरच्या सामन्याचं समालोचन केलं. देशातल्या पहिल्या महिला समालोचकांत त्यांचं नाव घेतलं जातं. ऐकणाऱ्यापाशी पोहोचला तो फक्त त्यांचा आवाज आणि त्यांची जाण.

आपलं वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. रात्रीच्या मंचावर बाई हवीच. तिच्यावाचून तिकीट खपत नाही. दिवसा पटावर मात्र बैलजोडीचं, धुरकऱ्याचं नाव पुकारणारा, सेकंद सांगणारा आवाज बहुधा पुरुषाचाच. बाईला बघायला आपण रात्रभर जागतो, तिचं ऐकायला मात्र कचरतो.

आपल्या गावच्या मुली कबड्डी खेळतात, धावतात. खेळ त्यांना आतून ठाऊक आहे. यंदाच्या स्पर्धेत लाऊडस्पीकरचा माईक त्यांच्यापैकी एकीच्या हाती द्या. पहिल्या दिवशी ती अडखळेल, लोक हसतील. दुसऱ्या दिवशी गुण किती झाले, हे लोक तिलाच विचारतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)