ब्रेल-वाचक यंत्राची निवड

दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. कानाला या जोड्या बहुधा सारख्याच लागतात. त्यांतील ऱ्हस्वदीर्घाचा भेद डोळ्याला कळतो. मग ज्याला दृष्टि नाहीं त्यानें तो कोठून शिकावा?

बोलणारीं यंत्रें आज विपुल आहेत. हातांतला फोनसुद्धां मराठी मजकूर वाचून दाखवितो, आणि दृष्टिहीनांवर त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु ऐकणें म्हणजे वाचणें नव्हे. जी मुलगी पुस्तकें केवळ ऐकत वाढली तिला कथा समजते, शास्त्र समजतें. पण ती लिहावयास बसली म्हणजे शब्दाचें रूप तिच्यापुढें उभें राहत नाहीं. तें रूप बोटाला देणारी लिपि लुई ब्रेल या फ्रेंच तरुणानें १८२९ सालीं प्रसिद्ध केली. भारतीय भाषांस समान अशी 'भारती ब्रेल' १९५१ सालीं ठरली. तींत सहा टिंबांची एक चौकट असते. 'दिन' या शब्दाच्या मधल्या चौकटींत दुसरें व चौथें टिंब येतें, 'दीन' मध्यें तिसरें व पांचवें. तेथें बोट फसत नाहीं.

ब्रेलचीं कागदी पुस्तकें जाड व अवजड. छापील एका पुस्तकाचे ब्रेलमध्यें अनेक खंड होतात. ही अडचण विजेच्या ब्रेल यंत्रानें बरीच दूर केली आहे. या यंत्रावर चौकटींची एक ओळ असते. प्रत्येक चौकटींत सहा किंवा आठ बारीक खुंट्या असून, मजकुराप्रमाणें हव्या त्या वर येतात. ओळ वाचून कळ दाबली कीं नवी ओळ उभी राहते. पुष्कळ यंत्रांत हें काम विजेच्या दाबानें वांकणाऱ्या स्फटिकपट्ट्या करितात. कांहींत चुंबकाची योजना असते. वीस चौकटींच्या सहा-टिंबी यंत्रांत अशा १२० खुंट्या लागतात, चाळीस चौकटींच्या आठ-टिंबी यंत्रांत ३२०. ओळ जितकी लांब तितकी किंमत चढते, ती यामुळेंच.

आतां नामपूरचा विचार करावा. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यांत मोसम नदीकांठीं वसलेलें हें गांव नाशिक शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तेथील एका शेतकऱ्याची दृष्टिहीन मुलगी नववींत आहे आणि कांद्याच्या पैशांतून घरचीं माणसें तिच्यासाठीं यंत्र घेणार आहेत, असें समजूं. अशा वेळीं तीं पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या नातलगास विचारतात, आणि नातलग जाहिरात पाहून उत्तर देतो. चुकीची निवड झाली तर यंत्र फडताळांत पडून राहील; दहावीचें वर्ष मात्र थांबणार नाहीं. दुसरें यंत्र घेण्याची ऐपत त्या घराला नाहीं. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं या नातलगानें चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, मराठी. यंत्र अनेक भाषा जाणतें एवढें आश्वासन पुरेसें नाहीं. संगणकावरील साधा देवनागरी मजकूर तें स्वतः भारती ब्रेलमध्यें उतरवितें, कीं आधीं रूपांतर करून द्यावें लागतें, हें विचारावें. मुलीच्याच पाठ्यपुस्तकांतील एक पान घालून पाहावें. जोडाक्षरें नीट येतात काय तें लगेच कळेल.

दुसरी, ओळीची लांबी. ब्रेलमध्यें जोडाक्षरास एक जादा चौकट लागते, मात्रा वेगळ्या चौकटींत येते. 'विद्यार्थी' हा एक शब्द दहा चौकटी अडवितो. म्हणजे वीस चौकटींच्या ओळींत असे दोन शब्दही अंतर सोडून मावत नाहींत. कथा-कादंबरी वाचण्यास ही ओळ चालते. कोष्टकें व गणित यांस ती तोकडी पडते.

तिसरी, लेखन. यंत्राला ब्रेल टंकण्याच्या कळा असतील तर मुलगी उत्तरें लिहूं शकेल व आपल्या चुका आपल्याच बोटानें तपासूं शकेल. मराठीस सहा टिंबें पुरतात. सातवें व आठवें संगणकावर काम करणाऱ्यास उपयोगी.

चौथी, दुरुस्ती. खुंट्यांच्या छिद्रांत धूळ व हाताचा मळ जातो. खुंटी अडकली कीं अक्षर बदलतें. यंत्र कोठें पाठवावयाचें, किती दिवसांनीं परत येईल, हें लेखी घ्यावें.

वीस चौकटींचीं स्वस्त यंत्रें आतां मिळूं लागलीं आहेत. मुंबईच्या इनोव्हिजन कंपनीचें 'ब्रेल-मी' आणि 'ऑर्बिट रीडर २०' हीं त्यांपैकीं होत. दिल्लीच्या आय. आय. टी.नें 'डॉटबुक' हें यंत्र २०१९ सालीं पुढें आणलें. या मुलीस बहुधा मराठी नीट जाणणारें, लेखनाच्या कळा असलेलें, वीस चौकटींचें यंत्र पुरेल. उरलेला पैसा दुरुस्तीसाठीं ठेवावा. कचेरींत संगणकावर दिवसभर काम करणाऱ्यानें चाळिसांचा विचार करावा. ब्रेल मुळींच न शिकलेल्यास मात्र आधीं ब्रेल पाटी द्यावी. यंत्र लिपि शिकवीत नाहीं.

वाचावयास पुस्तकें आहेत काय, ही शंका रास्त आहे. २०१२ सालच्या दुरुस्तीनें आपल्या कॉपीराइट कायद्यानें अपंगांसाठीं सुलभ प्रती काढण्यास मोकळीक दिली. याच विषयावरील माराकेश करार २०१३ सालीं झाला; त्यास २०१४ सालीं सर्वांआधीं मान्यता देणारा देश भारत होय. २०१६ सालीं 'सुगम्य पुस्तकालय' हें संगणकीय ग्रंथालय उघडलें. साधनांच्या साहाय्यासाठीं केंद्र सरकारची 'ॲडिप' योजना १९८१ पासून आहे. तिच्या आजच्या अटी विचारून घ्याव्या. १९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेची महाराष्ट्र शाखा नाशिक येथेंच आहे. खरेदीपूर्वीं तेथें अवश्य चौकशी करावी.

आणि शेवटचें. यंत्र पाहावयास जातांना मुलीस बरोबर न्यावें. टिंबें किती उंच वाटतात, ओळ बदलण्यास लागणारा वेळ वाचनाच्या आड येतो काय, हें तिच्या बोटाखेरीज कोणासही सांगतां येणार नाहीं. नातलगानें प्रश्न विचारावे, वडिलांनीं हिशेब पाहावा. पसंती मात्र तिची असावी.