जुनी मोटार आणि उसना पैसा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले. आज उसन्या पैशांवर बोलण्याची कामगिरी आमच्याकडे आली आहे. विषय रुक्ष खरा. परंतु आमचे उभे आयुष्य बँकेच्या कर्जविभागात गेले असल्याने दुसरा विषय आम्हांला पेलणाराही नाही.

आपल्या भिलाईतील मराठी कुटुंबांत एक चाल पडून गेली आहे. जुनी मोटार घ्यावयाची तर ती नागपुराहून. तेथे कोणाचे मामा असतात, कोणाचा आतेभाऊ. गाडी एकहाती वापरलेली असते आणि भावही वाजवी असतो. सौदा ठरतो, आणि तीनएक लाख कमी पडतात. येथे हातउसने देणारा थोरला भाऊ शेजारच्या वाड्यात नसतो. बँक कागद मागते, दिवस लावते. अशा वेळी खिशातील क्रेडिट कार्डावर ३ लाखांची मर्यादा पडून आहे, हे आठवते. मग बँकेच्या पायऱ्या कशाला झिजवा?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही आकड्यांनी देऊ. समजा, जुन्या गाडीसाठी ३ लाखांचे कर्ज १४ टक्के दराने ४ वर्षांसाठी मिळाले. महिन्याचा हप्ता सुमारे ८,२०० रुपये बसतो, आणि चार वर्षांत व्याज साधारण साडेत्र्याण्णव हजार जाते. ते थोडे नाही. आता तेच ३ लाख कार्डावर थकवा. कार्डाचा दर दरमहा साडेतीन टक्के धरला, तर पहिल्याच महिन्याचे व्याज १०,५०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १,८९० रुपये. एकूण १२,३९०. म्हणजे ज्या ८,२०० रुपयांत बँकेचे कर्ज चार वर्षांत निवते, त्या रकमेत कार्डाचे नुसते व्याजही भागत नाही. मुद्दल कमी होण्याऐवजी महिन्यागणिक वाढत जाते. ती रक्कम कार्डाच्या ‘किमान देय’ रकमेहूनही कमी भरत असल्याने विलंबशुल्क वेगळे लागते आणि पतनोंदीवर डाग पडतो तो निराळाच.

करासंबंधी येथे थोडे थांबले पाहिजे, कारण जाणकारांच्याही ते ध्यानात नसते. साध्या कर्जाच्या व्याजावर वस्तू व सेवा कर नाही. कार्डाच्या व्याजावर आहे. कार्डावरची रक्कम हप्त्यांत बदलून घेतली, तर दर पुष्कळ खाली येतो हे खरे, पण त्या हप्त्यांतील व्याजावरही हा कर लागतोच. शिवाय एकदा बाकी थकली की बिनव्याजी मुदत संपते, आणि त्या महिन्याचा किराणा व मुलांची फी यांवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढू लागते. मामा काही कार्ड घासून घेणारे यंत्र बाळगीत नाहीत. म्हणून कोणी कार्डावर रोख रक्कम काढतो. तेथे तर बिनव्याजी मुदत मुळातच नाही, आणि काढण्याचे शुल्क वर.

सरकार दरावर मर्यादा घालीत नाही का, असे पुष्कळजण विचारतात. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरविले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या कार्डावरील येण्यांची जोखीम अधिक धरावयास लावली. वाहनकर्जे त्या वाढीतून वगळली. ज्यांना धंदा कळतो, ते या दोहोंकडे कोणत्या नजरेने पाहतात हे त्यावरून दिसते.

याचा अर्थ वाहनकर्ज म्हणजे गंगाजळ, असे नव्हे. दलाल सांगतो, “साहेब, फक्त ९ टक्के!” तो दर सरळ असतो, चारही वर्षे मूळ ३ लाखांवर व्याज आकारलेले. हप्ता ८,५०० येतो, आणि घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तो दर १६ टक्क्यांचा निघतो. तेव्हा दर विचारू नये. हप्ता किती, महिने किती, प्रक्रियाशुल्क किती आणि मुदतीपूर्वी फेडल्यास दंड किती, हे कागदावर मागावे.

नागपूरच्या गाडीची अडचण आणखी एक. ती एमएच ३१ ची. आपल्याला सीजी ०७ हवी. परराज्यातील नोंदणीवर कर्ज देण्यास पुष्कळ बँका नाखूश असतात, आणि नेमक्या येथेच माणूस कार्डाकडे वळतो. आमचे मत असे की, आधी विसार तेवढा द्यावा, नागपूरच्या परिवहन कार्यालयातून नमुना २८ वर ना-हरकत मिळवावी, आणि मग कर्जाचा अर्ज करावा. तितका धीर नसेल, तर कारखान्याच्या कर्मचारी पतसंस्थेत किंवा पगाराच्या बँकेत वैयक्तिक कर्ज पाहावे. तेथे गाडी तारण नसते आणि दरही कार्डाच्या निम्म्याहून कमी पडू शकतो. येथे पुन्हा भरावा लागणारा रस्ताकर आणि विमा मात्र पहिल्याच हिशेबात धरावा. ते विसरले जातात, आणि शेवटी कार्डावरच जातात.

मामांची गाडी म्हणून नोंदणीपुस्तक पाहण्याचा आपल्याला संकोच वाटतो. तो सोडावा. त्यावर एखाद्या बँकेचे तारण नोंदलेले असेल, तर त्या बँकेच्या संमतीवाचून गाडी आपल्या नावावर चढत नाही. पुष्कळांनी शेवटचा हप्ता केव्हाच फेडलेला असतो, पण नमुना ३५ भरून ती नोंद उतरविलेली नसते. सौद्यापूर्वी मामांकडून ते काम करून घ्यावे. नात्याला त्याने बाध येत नाही. उलट पुढची कटकट टळते.

कार्ड वापरूच नये, असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या महिन्यात मुदतठेव हाती येणार असेल, टायर किंवा विम्याचा हप्ता भरावयाचा असेल, आणि देयकाच्या तारखेला सारी रक्कम खात्यात असणार असेल, तर ४५-५० दिवसांचा बिनव्याजी पैसा कोणी नाकारावा?

मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी आम्ही असतोच. सही करण्यापूर्वी ज्यांना हप्त्याचा कागद दाखवावयाचा असेल, त्यांनी तो जरूर घेऊन यावा. सही झाल्यावर आणला, तर आम्ही फक्त चहा पाजू शकतो.