भिंतीवरची खूण

दूरदूरहून आलेले जलशास्त्रज्ञ, अभियंते आणि विद्यार्थी मित्रहो,

चिपळूणला येण्यासाठी पावसाळ्यानंतरच्या तारखा ठरवल्याबद्दल संयोजकांचे आभार माना; जुलैत बोलावलं असतं तर तुमचा विषयच तुम्हाला घ्यायला स्टँडवर आला असता.

मी व्यापारी माणूस. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, या दोन पुरांच्या खुणा माझ्या दुकानाच्या भिंतीवर आहेत. रंग काढताना तेवढी पट्टी सोडतो. नदीचं मोजमाप म्हणून माझ्याकडे आहे ते एवढंच.

मोजणी नसलेल्या नदीचा अंदाज बांधायचं काम आपल्याकडे जुनं आहे. इंग्लिस आणि डिसूझा यांनी मुंबई इलाख्यातल्या नोंदींवरून घाटासाठी सूत्र दिलं: वर्षाच्या पावसाला ०.८५ ने गुणा, ३०.५ सेंटिमीटर वजा करा. साडेतीनशे सेंटिमीटर पाऊस धरला तर २६७ सेंटिमीटर वाहून जातो. धरणवाल्यांना हा हिशेब पुरला. आम्हाला मात्र वर्षाचा नको, एका रात्रीचा हवा.

शेजारच्या मोजलेल्या नदीचा आकडा उसना घ्यावा, तर आमच्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत कोयनेच्या वीजगृहांचं अवजल येतं आणि खालून दाभोळ खाडीची भरती पाणी तुंबवते. पातळी तीच, प्रवाह वेगळा! घाटातल्या पऱ्याने तिच्याकडून काय उसनं घ्यावं? आंतरराष्ट्रीय जलशास्त्र संघटनेने २००३ ते २०१२ हे अख्खं दशक न मोजलेल्या नद्यांच्या याच प्रश्नाला वाहिलं होतं, हे वाचून मला जरा धीर आला.

उसना आकडा नसेल तर पुराच्या खुणांवरून पाण्याचा उतार काढायचा, पात्राचा छेद घ्यायचा, खडबडीतपणा ठरवायचा आणि मॅनिंगच्या सूत्राने त्या पुराचा सर्वांत मोठा प्रवाह काढायचा, ही रीत तुम्हाला पाठ आहे. खडबडीतपणाचा आकडा नजरेनेच ठरतो म्हणे. तिथे मुरलेला माणूस लागतो. पण भरतीच्या टप्प्यातली माझ्या भिंतीवरची खूण यात फारशी कामाची नाही, हे मला उशिरा कळलं. कामाच्या खुणा वर आहेत, घाटाच्या पायथ्याशी, वहाळांच्या काठच्या घरांवर आणि साकवांवर.

दर दिवाळीच्या रंगात त्यातल्या काही पुसल्या जातात. उद्या दुपारचं सत्र संपलं की गाड्या तयार आहेत. टेप आणि लेव्हल घेऊन वर चला.