बंडखोर चित्र आणि गावाची भिंत



चित्रकलेतील बंडखोरी हा आजचा विषय. बंडखोर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जगाशी भांडणारा एकटा चित्रकार उभा राहतो. मला आज त्याच्याविषयी थोडे, आणि ज्या भिंतीवर त्याचे चित्र लागते तिच्याविषयी अधिक बोलावयाचे आहे. कवितेची वही हातोहात फिरू शकते. चित्राला मात्र चार माणसांनी येऊन पाहावे अशी जागा लागते. ही जागा समाजाने द्यावयाची असते.

1947 साली मुंबईत सहा तरुणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. गोव्यातील साळगावचे सूझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे गाडे, शिल्पकार बाकरे, रझा आणि आरा. हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. आरांनी घरगडी म्हणून राबून, मोटारी धुऊन पोट भरले होते. कलाशाळेतील घोटीव युरोपीय वळण त्यांना नको होते, आणि बंगालच्या चित्रकारांचे गतकाळाकडे वळणेही नको होते. त्यांचे प्रदर्शन 1949 साली भरले ते रॅम्पर्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. ही संस्था 1888 सालची, म्हणजे चांगली जुनी नि प्रतिष्ठित. नव्यांचे बंड जुन्यांच्या भिंतीवर लागले, यात मला दोघांचाही मोठेपणा दिसतो.

पण भिंत मिळाली म्हणजे भागते असे नाही. 1952 साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. तेथे 1954 साली अकबर पदमसी या सव्वीस वर्षांच्या चित्रकाराने पॅरिसहून येऊन आपले प्रदर्शन मांडले. त्यात प्रेमी युगुलाचे एक चित्र होते. पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर होता. पोलिसांनी चित्र उतरवण्यास सांगितले. पदमसींनी नकार दिला. दंड संहितेच्या कलम 292 खाली त्यांच्यावर खटला भरला गेला, आणि त्यात ते निर्दोष सुटले. वस्तुतः आपल्या शिल्पशास्त्राला आलिंगनमूर्ती ठाऊक आहेत. जे दगडात चालते ते कापडावर का चालू नये, हा साधा प्रश्न आहे.

हा प्रश्न 1954 साली मिटला असे समजू नका. परदेशांतून आणलेली सूझा आणि पदमसी यांची सात चित्रे मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने अश्लील ठरवून अडकवून ठेवली होती. 2024 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नग्न तेवढे सारे अश्लील नव्हे, हे पुन्हा एकदा सांगावे लागले. सत्तर वर्षांनी तोच चित्रकार, तेच शहर आणि तोच वाद!

यावर कोणी विचारील, मग जे जे बंडखोर ते ते आम्ही चांगले म्हणावे काय? मुळीच नाही. बंडखोरी म्हणजे गुणवत्ता नव्हे. वाईट चित्र बंडखोर असले तरी वाईटच. एखादे चित्र मुलांसाठी नसेल तर दाराशी तशी पाटी लावावी. ज्याला आवडणार नाही त्याने तसे मोकळेपणी म्हणावे, लिहावे, वाद घालावा. मात्र चित्र आवडत नाही म्हणून ते उतरवले, की नावडण्याचाही हक्क आपण गमावतो. कारण उद्या येणाऱ्याला ते पाहून स्वतःचे मत बनवताच येत नाही. चित्र उतरवणारा चित्रकाराचे तोंड बंद करतो, त्याहूनही अधिक तो आपले डोळे बांधतो.

धायरीचा 2017 साली पुणे महापालिकेत समावेश झाला. धारेश्वराच्या या गावाभोवती आता इमारती उभ्या राहिल्या आहेत. आपण पाणी मागतो, रस्ता मागतो. ते मागितलेच पाहिजे. त्याबरोबर एक भिंतही मागू या. शाळेच्या सुटीत रिकामा राहणारा वर्गही आरंभाला पुरेल. त्या भिंतीवर आपल्याच गावातील एखाद्या मुलामुलीचे असे चित्र लागू द्या, की जे पाहून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. आठी पडली तरी हरकत नाही. प्रदर्शन मात्र ठरलेल्या दिवसापर्यंत चालू राहिले पाहिजे. तेवढे आपण केले, तर त्या चित्रकाराइतकेच धैर्य या गावानेही दाखवले असे मी म्हणेन.