आमच्या घरचा गळपट्टा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण आमच्या दोरीवर तीन वर्षे स्काउटचा गळपट्टा वाळत असतो, त्यावर चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला.

माझा मुलगा शाळेच्या पथकात आहे. पहिल्या सहलीला ही मुले धापेवाड्यास उतरली, चंद्रभागेकाठी विठ्ठलाचे दर्शन घेऊन आदासाच्या टेकडीकडे पायी निघाली. मी पोळ्या बांधून दिल्या होत्या, त्या तशाच परत आल्या! मास्तरांनी बिनभांड्यांचा स्वयंपाक करायला लावला होता. कणीक पळसाच्या पानांत थापून गोवऱ्यांवर भाजली, वांगी राखेत पुरली. सासूबाई म्हणाल्या, "अरे, हे तर आपले पानगे. त्याला शाळा कशाला लागते?" खरेच आहे. पण निघताना विस्तव विझवून, राख पुरून, येथे चूल होती हे कोणाला कळू नये अशी जागा झाडून आला, हे मात्र आमच्या घरच्या पुरुषांत नवीनच होते.

पुढे सासूबाई न्हाणीत घसरल्या. मनगट सुजले. आम्ही बाया ओरडत राहिलो, आणि या पोराने गळ्यातला तिकोनी रुमाल सोडून हाताला झोळी केली. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर, अशी सपाट गाठ मारली. आपण दोन्ही वेळा एकाच बाजूने फिरवतो, म्हणून आपली गाठ निसटते. नागपूरला पोचेपर्यंत ती झोळी ढळली नाही.

इथवर सांगायला मला बरे वाटते. पुढचे सांगायला संकोच होतो.

माझी मुलगी गाईडमध्ये आहे. गेल्या वर्षी त्यांचे दोन रात्रींचे शिबिर होते. मी नाही म्हटले. मुलीच्या जातीने तंबूत झोपायचे? ती रडली नाही. मुली निघाल्या त्या सकाळी तिने दाराशी रांगोळीने एक वर्तुळ काढले आणि मधे एक ठिपका दिला. रांगोळी अर्धी टाकली म्हणून मी तिलाच बोलले. संध्याकाळी मुलाने सांगितले, "आई, ही वाटेवरची खूण आहे. मी घरी गेलो, असा अर्थ." स्काउट चळवळ काढणारे बेडन-पॉवेल 1941 साली वारले. केनियात न्येरी येथे त्यांच्या समाधीवर हीच खूण आहे म्हणे. माझी मुलगी तर बारा वर्षांची.

मग मी तिचेच पुस्तक वाचायला घेतले. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, त्यात सुमारे वीस मुलगे होते. मुलगी एकही नव्हती. 1909 साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मेळावा भरला, तेथे काही मुली कोणी न बोलावता गणवेष करून हजर झाल्या! 1910 साली त्यांची वेगळी संस्था निघाली. आपल्याकडे 1950 साली भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली, आणि 1951 च्या 15 ऑगस्टला गाईडच्या मुलीही तिच्यात आल्या. त्या न बोलावता गेलेल्या मुलींच्या आया घरी काय बोलल्या असतील, हे पुस्तकात नाही.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा शिबिर आहे. मी संमतीपत्रावर सही केली आहे. गाईडच्या बाईंना सोबतीला दोन आया हव्या आहेत. एक मी जाते. दुसरीने आजच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. ताट-तांब्या आपापला आणावा. शिदोरी बांधू नये.