चिठ्ठी वाफ्यांची आणि चिठ्ठी गावांची
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



नवा वाण विहिरीजवळच्या काळ्या कसदार जमिनीत लावला आणि जुना मुरमाड जमिनीत, तर वाढीव उत्पादन वाणाचे की जमिनीचे, हे सांगता येत नाही. म्हणून प्रक्षेत्रावर चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवतात आणि प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत लावतात. ही पद्धत इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात बसवली. आज आरोग्य संशोधनातही तीच वापरतात.

औषधाची गोळी तपासायची तर एकेका रुग्णाची चिठ्ठी काढता येते. परंतु तपासणी शिबिर किंवा आरोग्य शिक्षण साऱ्या गावासाठी असते. एका घरातील सुनेला बोलवायचे आणि शेजारणीला नाही म्हणायचे, हे जमत नाही. शेजारच्या वाफ्यात पाणी पाझरते तशी माहितीही पाझरते. अशा वेळी गावांच्या गटांची चिठ्ठी काढतात.

आपल्याकडचेच उदाहरण पाहा. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. चिठ्ठीने चार भाग पाडले, प्रत्येकात १३ गट. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, तर चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणू तपासणीच्या भागात ३४,१२६ स्त्रियांमध्ये या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या भागात ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींत मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही.

आता हिशेबाची एक खुबी लक्षात घ्या. एकाच वाफ्यातील शंभर झाडे म्हणजे शंभर स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. माती, पाणी, कीड साऱ्यांना सारखीच. गावाचेही तसेच. १०१ माणसांच्या गटात हा सारखेपणा ०.०१ इतका थोडा असला, तरी १ + (१०० × ०.०१) = २, म्हणजे दुप्पट माणसे घ्यावी लागतात. एकाच गावात माणसे वाढवून फारसे साधत नाही. गावे वाढवावी लागतात. एका गावाची दुसऱ्या एकाच गावाशी केलेली तुलना तर एका वाफ्याच्या प्रयोगासारखीच कच्ची.

मात्र एक फरक मोठा आहे. वाफ्याला विचारावे लागत नाही, माणसाला विचारावे लागते. ज्या भागात तपासणी झाली नाही तेथील स्त्रियांचे काय, या प्रश्नावरून या अभ्यासावर पुढे टीका झाली. म्हणून आपल्या गावात असा प्रयोग आला, तर पुढील प्रश्न जरूर विचारा :

१. एकूण गावे किती, आणि त्यांची निवड चिठ्ठीने झाली काय?
२. ग्रामसभेने होकार दिला तरी प्रत्येकाची संमती वेगळी घेणार काय?
३. ज्या गावांना उपाय मिळणार नाही, त्यांना तो निकालानंतर मिळेल काय?
४. निकाल गावाला समजावून सांगणार काय?

आणि तिशी ओलांडलेल्या भगिनींनी गर्भाशयमुखाच्या तपासणीबाबत आपल्या आरोग्य केंद्रात अवश्य चौकशी करावी.