आमसुलात औषधी घटक आहेत, मग ते औषध आहे का?

आज आपण आमसुलाबद्दल बोलणार आहोत.

आमसूल आपल्या बुलढाण्यात पिकत नाही, किराणा दुकानातून येतं. ते म्हणजे कोकणातल्या कोकम फळाची साल. ती फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात.

सध्या गावोगावी वजन कमी करण्याच्या गोळ्या विकणारे येतात. डब्यावर 'गार्सिनिया' लिहिलेलं असतं. कोकम आणि त्याच्या भाऊबंद झाडांचं हे शास्त्रीय नाव. "बचतीच्या पैशातून माल भरा," असं आमच्या गटालाही सांगितलं गेलं. आम्ही आधी माहिती काढली.

सालीत तीन घटक महत्त्वाचे. आंबटपणा देणारं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, लाल रंग देणारं अँथोसायनिन आणि पिवळं गार्सिनॉल. पहिले दोन पाण्यात उतरतात, म्हणून सरबत आंबट आणि लाल होतं. गार्सिनॉल पाण्यात विरघळत नाही, त्यासाठी वेगळे द्रव लागतात.

हे घटक वेगळे कसे करतात? खडूवर खालच्या बाजूला शाईचा ठिपका द्या आणि खडू थोड्या पाण्यात उभा करा. ठिपका पाण्याच्या वर राहू द्या. पाणी वर चढतं तसे शाईतले रंग सुटे होतात. प्रयोगशाळेतही असंच घटक सुटे करतात, मग यंत्रावर त्यांची रचना ओळखतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये गार्सिनॉलची रचना मांडली.

पण घटक सापडला म्हणजे औषध तयार झालं असं नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जाड माणसांवर १२ आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना हे आम्ल दिलं, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

म्हणून आमच्या गटाने पैसे गुंतवले नाहीत. तुम्हीही तीन गोष्टी लक्षात ठेवा. आमसूल वरणात, सारात खुशाल वापरा. मात्र रक्तदाब असेल तर त्यातल्या मिठाकडे आणि मधुमेह असेल तर सरबतातल्या साखरेकडे लक्ष द्या. गटाने सरबत विकायला काढलं, तर लेबलवर "रोग बरा होतो" असं लिहू नका, कायद्याने ते चालत नाही. आणि घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.